ब्लूजमधला 'मी' कोणाचा?

ब्लूजविषयी लिहिताना 'अस्सल' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. गाणारा काळा, गरीब आणि सोसलेला असला की त्याचे गाणे म्हणजे त्याच्या आयुष्याचे थेट निवेदन, असे गृहीत धरून समीक्षा मोकळी होते. न्यू ऑर्लीन्सचा पियानोवादक-गायक चॅम्पियन जॅक डुप्री याचा 'ब्लूज फ्रॉम द गटर' हा अल्बम या गृहीतकाला चांगलाच अडचणीत आणतो, असे आम्हांला वाटते.

१९५८ साली अटलांटिक कंपनीसाठी तो ध्वनिमुद्रित झाला. शीर्षकातच गटार, गाण्यांत क्षय, व्यसन, मरण. त्यात डुप्री अनाथ वाढलेला, पुढे मुष्टियोद्धा झालेला ('चॅम्पियन' हे बिरुद तिथलेच). चरित्र इतके सोयीचे असल्यावर मोह होणारच. पण 'टी. बी. ब्लूज'मधला 'मी' क्षयाने खंगतो आहे. तो गाणारा डुप्री मात्र त्यानंतर ३४ वर्षे जगला आणि १९९२ साली जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात वारला. 'गोइंग डाउन स्लो'मधला मरणोन्मुख 'मी' तर चक्क उसना. ते गाणे सेंट लुईस जिमी ओडेनचे, १९४१चे. याच अल्बमात 'स्टॅक-ओ-ली' आहे, १८९५ साली सेंट लुईसमध्ये झालेल्या एका खुनावरचे लोकगीत. तो खून मात्र कोणी डुप्रीच्या माथी मारत नाही!

'जंकर्स ब्लूज'ची गोष्ट याहून बोलकी आहे. डुप्रीने हे व्यसनगीत चाळिशीच्या दशकाच्या आरंभीच एकदा मुद्रित केले होते. १९४९ साली फॅट्स डॉमिनोने तीच चाल घेऊन 'द फॅट मॅन' गायले. शब्दांतला व्यसनी गेला, लठ्ठ माणूस आला; चालीचे काही बिघडले नाही. कबुलीजबाब इतक्या सहज बदलता येत नाही. बदलता येते ते रचित.

ही रचना ऐकायची तर पीट ब्राउनच्या अल्टो सॅक्सोफोनकडे लक्ष द्यावे. शब्द मरणाचे आणि सॅक्सोफोन ऐटीत, जवळजवळ खट्याळ. लॅरी डेलची गिटार मधूनच टोचते. डुप्रीचा पियानो ठोकळ आहे, नजाकतीचा नाही. पण तो ठोका ढळत नाही, म्हणूनच आवाजाला त्यावर सैल रेलता येते. हा विसंवाद योजलेला आहे आणि तो योजणाऱ्याला आपण 'भोगणारा' एवढेच म्हणतो, याचे आम्हांला वाईट वाटते. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे काळ्यांचे साहित्य मराठीत दलित साहित्याच्या शेजारी ठेवून वाचले गेले. शेजार योग्यच होता. पण दोन्हीकडे अनुभवाची थोरवी सांगताना कारागिरीचा हिशेब राहून गेला.

यावर कोणी म्हणेल, मग दुःख खोटे काय? तसे नाही. 'बॅड ब्लड' ऐकावे. दक्षिणेकडच्या काळ्या वस्त्यांत 'वाईट रक्त' हा शब्द उपदंशासाठी रूढ होता. अलाबामातल्या टस्कीगी येथे १९३२पासून सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या सुमारे ४०० काळ्या पुरुषांना 'तुमचे रक्त वाईट आहे' एवढेच सांगून, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, उपचारांविना ठेवले. या गाण्यातला 'मी' डुप्री असण्याची गरजच नाही; तसे 'मी' तिथे शेकड्यांनी होते. १९५८ साली हे गाणे मुद्रित झाले तेव्हा तो प्रयोग चालूच होता. थांबायला १९७२ उजाडले.