कोश रणांगणात नेला, तरी हरले

शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, हल्ली आमच्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेआधी फुंकलं जातं. सात दिव्यांचा दीपवृक्ष व्यासपीठावर आला आहे, कराराच्या कोशाची सोनेरी प्रतिकृती दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बसली आहे आणि ‘अभिषेकाचं तेल’ बाटलीत भरून विकलं जातं. परवा मंडळीतल्या एक बाई अशीच अंगठ्याएवढी बाटली माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “टीचर, उंबऱ्याला लावा. घरात काही शिरत नाही.” मी ती परत केली. बाई रागावल्या. पण शब्बाथ शाळेत मुलांना बायबलमधलं निर्गम शिकवणारीने ती घ्यावी तरी कशी? त्याच पुस्तकाच्या 30व्या अध्यायात गंधरस, दालचिनी आणि जैतुनाचं तेल यांची मापं दिली आहेत, आणि पाठोपाठ तंबी आहे की असं तेल जो कोणी बनवील त्याला समाजातून काढून टाकावं.

या वस्तूंचा ख्रिस्ती अर्थ खोल आहे, हे मला मान्यच आहे. वर्षानुवर्षं तोच तर शिकवते. पण तो समजायला वस्तू विकत आणावी लागत नाही, आणि आणली की तिचा ताईत व्हायला वेळ लागत नाही.

कोशाचंच घ्या. बाभळीच्या लाकडाचा, सोन्याने मढवलेला, अडीच हात लांब, आत आज्ञांच्या दगडी पाट्या. पलिष्ट्यांशी लढताना इस्राएलचे 4 हजार पडले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलं, शिलोहून कोश आणू, तो आपल्याला वाचवील. कोश छावणीत आल्यावर एवढा जयघोष झाला की शत्रूलाही धडकी भरली. पुढच्या लढाईत 30 हजार पडले, एली याजकाचे दोन्ही मुलगे मारले गेले आणि कोश पलिष्ट्यांनी उचलून नेला. पुढे यिर्मया संदेष्ट्याने तर सांगून टाकलं की एक दिवस लोकांना कोशाची आठवणही होणार नाही आणि तो पुन्हा कोणी बनवणार नाही. आपण मात्र शोकेससाठी बनवतो आहोत.

पितळेच्या सापाची गोष्ट याहून बोलकी आहे. अरण्यात मोशेने तो देवाच्याच सांगण्यावरून खांबावर चढवला होता. लोकांनी तो जपून ठेवला आणि कालांतराने त्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले, आणि बायबल त्याबद्दल राजाची वाहवा करतं. येशूने रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला त्या सापाचा अर्थ सांगितला, स्वतःच्या वधस्तंभाशी जोडून, तेव्हा ते तुकडे होऊन 700 वर्षं उलटली होती. अर्थाचं काही अडलं नाही.

नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र लिहिणाराही असाच, वस्तूत न अडकता अर्थ सांगणारा. मंदिरातला पडदा म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, असं तो म्हणतो; कोशाची आणि त्याच्या झाकणाची, म्हणजे दयासनाची, आठवण काढतो आणि लगेच सांगतो की यांविषयी सविस्तर बोलायची ही वेळ नव्हे. आमच्या काही उपदेशकांना तेवढा आवर नाही. निवासमंडपाच्या, म्हणजे अरण्यातल्या उपासनेच्या तंबूच्या, खुंट्यांतही त्यांना गूढार्थ सापडतो, आणि प्रवचन दीड तास चालतं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडतं ते पितळी गंगाळ. सेवेआधी याजकांनी हातपाय धुवायचे ते. निर्गमाच्या 38व्या अध्यायात एका ओळीत येतं की मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांपासून ते घडवलं. तेव्हा आरसे घासून लखलखीत केलेल्या धातूचेच असत. हे सांगितल्यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “मग त्यांनी केस कशात बघून विंचरले?” याचं उत्तर निर्गमात नाही. पण त्या बायकांनी काय दिलं, हे पोरीला बरोबर कळलं. माझ्या लेखी त्या गंगाळाचा अर्थ त्या देण्यात आहे, आणि तो प्रतिकृतीच्या दुकानात मिळत नाही.

आणखी एक. शोफार ही काही मागे टाकलेली, बेवारस वस्तू नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू घरांसाठी, पुण्यात 1867 साली उभ्या राहिलेल्या लाल देवळात, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये, येणाऱ्यांसाठी तो आजही ज्यू नववर्षाच्या प्रार्थनेचा भाग आहे. शेजाऱ्याच्या सणातलं पवित्र शिंग आपण व्यासपीठावर वातावरणनिर्मितीसाठी वाजवतो, याची थोडी लाज वाटायला हवी.

पाळकांना माझी एवढीच विनंती आहे: चर्चच्या दाराशी मांडलेल्या तेलाच्या बाटल्या उचला, आणि येत्या रविवारी कोश गमावल्याची हकिकत सांगणारा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 4था अध्याय सगळ्यांसमोर पूर्ण वाचा.