बिऱ्हाड परदेशी निघताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. माणसाचे नसते. मुलांची शाळा, बायकोची नोकरी, आईवडिलांची औषधे, घराचे हप्ते, एवढा पसारा आवरून एखादे कुटुंब दुबईला, म्युनिकला किंवा न्यू जर्सीला निघते, तेव्हा आळीभर चर्चा होते ती मात्र एकाच आकड्याची. पगार किती? कुणीतरी तो लगेच रुपयांत करून दाखवतो, पेढे वाटले जातात आणि बाकीचे सगळे प्रश्न सामानाबरोबर विमानात चढतात.

मी सव्वीस वर्षे एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात काढली. परदेशी जाणाऱ्यांचे करार माझ्या टेबलावरून जात. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की आपला माणूस पगारासाठी एक वेळ शब्द टाकील, पण स्थलांतराच्या खर्चाविषयी तोंड उघडणार नाही. 'एवढी संधी दिली, आता तिकिटासाठी काय हात पसरायचा?' ही आपली भीड. भीड भिकेची बहीण, हे आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. आमच्याकडे या खर्चाची तरतूद आधीच केलेली असे. जो विचारी त्याला मिळे. जो विचारत नसे त्याची रक्कम वर्षअखेरीस शिल्लक दिसे, आणि त्यापायी कुणाची झोप उडत नसे.

दुबईचेच घ्या. एकूण पगार वीस हजार दिरहम हे ऐकायला छान वाटते. पण त्यात मूळ पगार किती आणि भत्ते किती? तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा पगार. मूळ पगार आठ हजार असेल तर पाच वर्षांनी २८ हजार दिरहम हाती येतात. बारा हजार असेल तर ४२ हजार. एकूण आकडा तोच, फरक फक्त वाटणीचा. शिवाय दुबईत नोकरदाराच्या आरोग्य विम्याची जबाबदारी मालकाची असली तरी बायकामुलांच्या विम्याची ती ज्याने त्यांना व्हिसावर आणले त्याची, म्हणजे तुमची. शाळा खासगी, तिची फी तुमची. घरभाडे वर्षाचे ठरवून पुढच्या तारखांचे मोजके चेक आधीच द्यायची रीत. पहिला पगार व्हायच्या आत हा डोंगर उभा राहतो, म्हणून भाड्यासाठी उचल मिळेल का, हे इथे असतानाच विचारावे.

जर्मनीचा प्रकार वेगळा. तिथे भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी चार भिंती आणि नळाचे तोंड एवढेच असते. ओटा, सिंक, कपाटे भाडेकरूने आणायची. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. तेव्हा पहिले दोन महिने कंपनीने सामानासकट घर द्यावे ही मागणी चैनीची नव्हे. अमेरिकेत आणखी एक मेख आहे. घर हलवण्यासाठी कंपनीने दिलेले पैसे २०१८ पासून तिथे पगारासारखे करपात्र धरले जातात, आणि २०२५ च्या कायद्याने ते कायमचे झाले. दहा हजार डॉलर कबूल झाले म्हणजे दहा हजार हाती पडले असे नाही. त्यावरचा कर कोण भरणार, हे विचारणे तुमचे काम.

रुजू व्हायची तारीखसुद्धा ठरवून घ्यायची असते. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या माणसाचा आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असला, तर तो त्या वर्षी प्राप्तिकरासाठी अनिवासी ठरतो आणि तिकडे मिळवलेल्या पगारावर इथे कर बसत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघणे आणि ऑक्टोबरमध्ये दसरा करून निघणे यांत त्यामुळे बराच फरक पडतो.

पण हा झाला पैशांचा हिशेब. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. पत्र नवऱ्याच्या नावाने येते आणि नोकरी बायकोची जाते. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला काम करता येते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला मात्र ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोचेपर्यंत कामाची परवानगी मिळत नाही. तीही सोय २०१५ मध्ये झाली. बँकेत पंधरा वर्षे काढलेली बाई तिथे खिडकीतून बर्फ बघत बसते. भाषेचा वर्ग, तिची पदवी तिकडे मान्य करून घेण्याचा खर्च, नोकरी शोधायला मदत, हे मागता येते. मात्र त्यासाठी तिला आधी विचारलेले असावे लागते.

आणि मागे राहणारे आईवडील? आमच्याकडून एकाच वर्षी दोन माणसे आखातात गेली. एकाने चाचरत का होईना, आईवडिलांच्या गंभीर आजारात तातडीची रजा आणि जाण्यायेण्याचे तिकीट करारात लिहून घेतले. दुसऱ्याने 'वेळ आली तर साहेब नाही म्हणणार नाहीत' म्हणून सोडून दिले. वेळ दोघांवरही आली. पहिला दुसऱ्या दिवशी वडिलांच्या उशाशी होता. दुसरा तेराव्याला पोचला. तिकिटाचे पैसे त्याच्याकडे होते. तिकीट उसने पैसे काढूनही येते. रजा कुणाकडून उसनी आणता येत नाही.

मजुरी करायला जाणाऱ्या गरिबाला असे मागता येत नाही, हे खरे. त्याच्यासाठी कायदाच हवा आणि काही प्रमाणात तो आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवेचे जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेण्याची मुभा दिली. संयुक्त अरब अमिरातीचा कायदा तर भरतीचा खर्च कामगाराकडून घेऊच नये म्हणतो. तरीही जमीन गहाण टाकून जाणारे आहेत. ज्यांना विचारता येते त्यांनी तरी गप्प का बसावे?

विचारण्यालाही रीत असते. नेमणुकीचे पत्र हाती आल्यावर आणि सही करण्यापूर्वीचे चार दिवस तुमचे असतात. नंतर ते कंपनीचे. 'एवढे द्याच' असे न म्हणता 'याची व्यवस्था काय?' असे विचारावे. मिळालेला शब्द कागदावर घ्यावा. मुदतीआधी नोकरी सोडल्यास खर्च परत करायची अट असेल, तर काम केलेल्या महिन्यांच्या प्रमाणात ती कमी होते का, ते पाहावे. कंपनीनेच काढले तर परतीची तिकिटे आणि सामान कोणाच्या खर्चाने, हेही वाचावे.

सगळेच मिळणार नाही. म्हणून आधी घरात बसून ठरवावे, कशावाचून चालेल आणि कशावाचून नाही. त्या बैठकीला आजीआजोबांना बोलवावे, कळत्या मुलांनाही बोलवावे. बिऱ्हाड सगळ्यांचे आहे; त्याच्या अटी एकट्याने ठरवू नयेत.