परसात कोंबडी असेल तर दाणेदार औषध आत येता कामा नये



गेल्या पंधरवड्यात तीन जणांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. हिरवीगार परसबाग, वांग्याच्या ओळीतून रुबाबात फिरणाऱ्या तांबड्या कोंबड्या, आणि मागून आवाज येतोय की कोंबड्या मोकळ्या सोडा, किडी त्या खातील, खत त्या टाकतील, तुम्ही फक्त अंडी उचला. व्हिडिओ झकास आहे. फक्त ती वांगी तीन महिन्यांची आहेत आणि कोंबड्या त्या दिवशीच आत सोडलेल्या आहेत, हे ज्याने कोंबडी पाळली त्याला लगेच कळतं. आठ दिवसांचं रोप असतं तर संध्याकाळी ओळ कुठली आणि सरी कुठली ते ओळखू आलं नसतं.

कोंबडी आणि भाजीपाला शेजारी-शेजारी चांगले नांदतात. एका खोलीत नांदत नाहीत. माझं हे मत पुस्तकातून आलेलं नाही, आईच्या 11 कोंबड्या घालवून आलेलं आहे. आजवर या पानावर लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. आज लिहितो.

आमचं घर जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात. मळ्यात टोमॅटो, कांदा, थोडा ऊस. घरामागे सव्वा-दीड गुंठ्याचं परस, त्यात आईचे वाफे आणि आईचंच खुराडं. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी वाफ्यातली वांगी पिवळी पडून मान टाकायला लागली. एक झाड उपटून पाहिलं तर मुळांवर गाठीच गाठी. सूत्रकृमी. टोमॅटोच्या वेळी आणलेलं कार्बोफ्युरानचं दाणेदार औषध अर्धी पिशवी शिल्लक होतं. म्हणलं मळ्यात चालतं तर इथं का नाही. संध्याकाळी वांग्याच्या बुंध्याशी टाकलं, वरून माती ओढली, पाणी दिलं, हात धुतले आणि झोपलो.

सकाळी सातला आईने खुराडं उघडलं. ओली, नुकती हलवलेली माती दिसली की कोंबडी दुसरीकडे जातच नाही. नऊच्या सुमाराला पहिली कोंबडी तोंडातून लाळ गाळत, पंख पसरून पडली. आईला वाटलं मानमोडी आली. तिने बाकीच्या वेगळ्या केल्या, लसणाचं पाणी पाजलं. दुपारपर्यंत 14 पैकी 11 गेल्या. मानमोडी अशी चार तासांत घर साफ करत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं, बोललो नाही. दोन मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात नेल्या. डॉक्टरांनी गळ्याखालची दाण्याची पिशवी चिरली, आत ज्वारीबरोबर जांभळट दाणे. माझ्याकडे नुसतं बघितलं.

यामागचं कारण साधं आहे. कोंबडीला दात नाहीत. खाल्लेलं दळायला ती बारीक खडे गिळते, ते खडे तिच्या पोटातल्या जात्यात दाणा भरडतात. दाणेदार औषधाचा दाणा आकाराने अगदी त्या खड्यासारखा. ती तो शोधून शोधून उचलते. रानातले पक्षीसुद्धा असेच मरतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. वरून माती ओढली म्हणून काही होत नाही, उकरणं हाच तिचा जन्माचा धंदा.

आणि विषय कोंबड्यांवरही संपत नाही. हे औषध आंतरप्रवाही आहे, मुळातून झाडात चढतं. म्हणजे त्या वाफ्यातली वांगी आमच्याच ताटात येणार होती. शेजारच्या वाफ्यातला मुळा माझ्या पोरांनी उपटून, धोतराला पुसल्यासारखा चड्डीला पुसून खाल्ला असता. ती सगळी वांगी मी उपटून टाकली. मेलेल्या कोंबड्या कमरेएवढ्या खड्ड्यात पुरल्या, कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून वर दगड ठेवले.

आईने आरडाओरडा केला नाही. रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "परस माझं हाय. औषध टाकताना मला इचारायचं तरी व्हतं."

हे वाक्य मला जास्त लागलं, कारण ते बरोबर होतं. आपण पुरुष माणसं परसाकडे "बायकांचा टाइमपास" म्हणून बघतो. पण आईच्या बचत गटाचा हप्ता त्या अंड्यांतून जात होता. पोरांच्या वह्या, पाहुणा आला की घरचा कोंबडा, आखाडातली जत्रा, हे सगळं त्या खुराड्यातून निघत होतं आणि माझ्या वहीत त्याची एकही ओळ नव्हती. मळ्यातल्या टोमॅटोचा भाव नारायणगावच्या बाजारात पडला की मला झोप लागायची नाही. खुराड्यात रोज किती अंडी निघतात, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ज्या गोष्टीचा हिशोब घरात कुणी मांडत नाही, तिच्यावर पहिलं विष पडतं.

आता शेती शाखेच्या मंडळींना, कृषी सहायकांना आणि दुकानदारांना माझी एक विनंती आहे. तुम्ही परसबागेचं जे माहितीपत्रक वाटता, त्यात वांग्याला हे, भेंडीला ते, अशी औषधांची यादी असते. ती यादी मळ्यातल्या पिकावरून उचललेली असते. तिच्यात वर मोठ्या अक्षरात पहिली ओळ अशी हवी: घरात कोंबडी असेल तर दाणेदार औषध वापरू नका आणि फवारलेल्या वाफ्यात कोंबडी सोडू नका. डब्यावरच्या रंगीत त्रिकोणावर भागत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरावर तपासलेल्या विषारीपणावरून ठरतात. कोंबडीला काय होईल ते त्या रंगातून कळत नाही. फवारणीत किडी मरतात, त्या जमिनीवर पडतात, आणि कोंबडी आधी त्याच उचलते. माझ्या मते तर घरच्या दीड गुंठ्याला रासायनिक कीटकनाशकाची गरजच नाही. निंबोळी अर्क 5 टक्के, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी. परसाला 10 लिटर पुरतं, अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा. शेंडेअळीचा शेंडा दिसला की खुडून कोंबडीपुढे टाका. सूत्रकृमीला दोन हंगाम झेंडू लावा आणि वांगी-टोमॅटो त्या वाफ्यात घेऊ नका. अर्क मारून फुलकिडे पूर्ण जाणार नाहीत, हे मान्य. घरच्या मिरचीचं पान थोडं वाकडं झालं म्हणून कुणी उपाशी मरत नाही.

त्यानंतर आम्ही परसाची नवी मांडणी केली. ती आईची आहे, मी फक्त बांबू चिरले.

परसाचे चार वाफे आणि मध्ये खुराडं. प्रत्येक वाफ्याला कमरेच्या वर तट्टी आणि एक छोटं दार. कोंबड्या कोणत्या वाफ्यात जाणार ते दार ठरवतं. वाफ्यातलं पीक संपलं की कोंबड्या आत, पीक उभं असलं की बाहेर. आमच्याकडे मुख्य पाळी एप्रिलअखेर ते मे मध्यापर्यंत. उन्हाळी काकडी-दोडका संपलेला असतो, फळमाशीचे कोष जमिनीत असतात, हुमणीची अळी असली तर तीही. 14-15 कोंबड्या तीन आठवड्यांत वीतभर माती चाळून काढतात. वळवाच्या पावसानंतर कडुनिंबावर हुमणीचे भुंगेरे येतात, तेव्हा रात्री फांदी हलवून खाली पडलेले गोळा करतो. सकाळी तेही कोंबड्यांनाच. मग वाफा मोकळा ठेवायचा आणि जूनच्या मध्यावर त्यात वांगी लावायची. पहिला तोडा ऑगस्टच्या शेवटी येतो.

एवढा वेळ मध्ये का ठेवायचा, असं एका मित्राने विचारलं होतं. ताजी विष्ठा गरम असते, तिच्यातल्या अमोनियाने कोवळं रोप जळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्यात जुलाब लावणारे जंतूही असतात, ते आपण विसरतो. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेणखत किंवा विष्ठा जमिनीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत, माल मातीला लागणारा असेल तर 120 दिवस आणि लागणारा नसेल तर 90 दिवस जाऊ द्यावे लागतात. आपल्याला तो कायदा लागू नाही, पोट मात्र सारखंच आहे. म्हणून कोंबड्या फिरलेल्या वाफ्यात वांगी, दोडका, घेवडा. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, जे आपण कच्चं खातो, ते कोंबड्या कधीच न शिरलेल्या वाफ्यात. त्या वाफ्याला खुराड्यातलं खत जातं, पण पालापाचोळा, उसाचं पाचट मिसळून, दोन-तीनदा वरखाली करून, पुरतं कुजलेलं. हातात घेतल्यावर नाकाला झोंबलं तर अजून झालेलं नाही.

जातीबद्दल थोडं. लोक विचारतात वनराज घेऊ, गिरिराज घेऊ, का गावरानच बरी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेली वनराज अंगाने भरते, ग्रामप्रिया अंड्याला चांगली. बंगळूरूची गिरिराजही आपल्याकडे चालते. गावरान कोंबडी वर्षाला 50 ते 70 अंडी देते, ग्रामप्रिया त्याच्या दुपटीहून जास्त. आकडा बघून सगळे सुधारित जातीकडे पळतात. पण ती सहसा खुडूक बसत नाही, तिच्या पिल्लांत आईबापाचा गुण टिकत नाही, म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणा. वनराजसारखी जड कोंबडी घारीपुढून, मुंगसापुढून पळूही शकत नाही. आमच्याकडे वरून बिबट्याही आहे. तो कुत्र्यासाठी येतो आणि जाता जाता खुराडं मोडतो. मी म्हणेन अंड्याला चार-सहा ग्रामप्रिया ठेवा, पण घरात दोन-तीन गावरान हव्याच. 21 दिवस अंड्यांवरून न उठणारी आणि घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेणारी ती गावरानच. स्वस्तात मिळतात म्हणून एक दिवसाची पिल्लं हौसेने आणू नका. त्यांना पहिले तीन-चार आठवडे दिव्याची ऊब लागते, लोडशेडिंगच्या गावात ती कुठून आणणार? महिनाभराची, लस झालेली पिल्लं महाग पडतात, पण जगतात.

लसीत मात्र आळस नको. मानमोडी, म्हणजे रानीखेत, आली की औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे डोसांची येते. एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते, तोवर बर्फात. दहा कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून आमच्या वाडीतल्या बायकांनी एक दिवस ठरवला. सूर्य उगवायच्या आत सगळ्यांच्या कोंबड्या खुराड्यात आणि बर्फाचा डबा घरोघर. खर्च माणशी चहाएवढा येतो.

खाण्याचं फार कौतुक करत नाही. परसातून निघणारा पाला, फुटका टोमॅटो, शेवग्याचं पान, थोडी ज्वारी-मका, अंड्याची टरफलं भाजून चुरा. एकच सांगतो, बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड "कोंबडीला चालेल" म्हणून टाकू नका. त्या बुरशीचं विष तिचं लिव्हर खातं आणि अंडी का बंद झाली ते आपल्याला कळत नाही.

आणि ज्यांना या लेखावरून 500 कोंबड्यांचं शेड सुचतंय त्यांनी थांबा. तो वेगळा धंदा आहे. त्यात खाद्य विकत, लाइट विकत, आणि भाव दुसऱ्याच्या हातात. परसातल्या 15 कोंबड्यांचं गणित जमतं, कारण त्यांचं निम्मं खाणं फुकट असतं आणि निम्मी मजुरी आई "बसल्या बसल्या" करते. 500 ला ती बसल्या बसल्या होत नाही.

वाचलेल्या तिघींमध्ये एक काळी पिसाळ कोंबडी होती. सगळा कळप पुन्हा तिच्यापासून झाला. आज खुराड्यात 17 आहेत, काळीची एक नात परवा 11 अंड्यांवर बसलीय. दाणेदार औषधाची पिशवी आता मळ्यातल्या पेटीत कुलूपबंद असते आणि त्या पेटीची किल्ली आईने मागून घेतली आहे. मला टोमॅटोला काही टाकायचं असलं तरी तिच्याकडून न्यावी लागते, आणि ती दर वेळी विचारते की कशाला पाहिजे.

वाडीतल्या दोघींनी गावरान अंडी उबवायला मागितली आहेत. आणखी कुणाला हवी असतील तर मला विचारू नका. ती कुणाला द्यायची ते आई ठरवते.