मौन कोणाच्या खात्यावर जमा होतं?

लोकशाही धोक्यात आहे का, अशी चर्चा सुरू झाली की सगळे दिल्ली-मुंबईकडे बघतात. मी पेण आणि रोहा या दोन तालुक्यांचा वार्ताहर म्हणून आयुष्य काढलं. कधी दिवा-रोहा गाडीने, कधी एसटीने फिरून बातम्या गोळा केल्या. तेवढ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बोलण्याचा हक्क काढून घेण्याआधी सत्तेला आपलं गप्प बसणं हवं असतं. आपण गप्प बसलो की ते गप्प बसणं संमती म्हणून तिच्या खात्यावर जमा होतं, आणि पुढे आपल्याच विरुद्ध वापरलं जातं.

कुंडलिका नदीच्या काठच्या एका गावातली ग्रामसभा मला आठवते. शाळेच्या वर्गात जेमतेम तीसेक माणसं, त्यातली निम्मी दाराशी उभी. रस्त्याचा, नळाचा, घरकुलांच्या यादीचा विषय झाला. मग मागून एक कोळीण उठली. म्हणाली, "जाळं टाकलं की हाताला खाज सुटते. मासा मरून वर येतो. हे कोण बघणार, ते आज इथे लिहा." कोणी तिला दुजोरा दिला नाही. ज्यांच्या घरात जाळी होती, तेही खाली बघत राहिले, कारण त्यांची मुलं ठेकेदाराकडे कामाला होती. "बघू, पुढचा विषय घ्या," असं म्हणून सभा पुढे सरकली.

नंतर मी प्रोसिडिंग बुक मागून वाचलं. 'पाण्याच्या विषयावर चर्चा झाली, सर्वानुमते मंजूर' एवढी एक ओळ होती. मंजूर काय झालं, ते त्या ओळीत नव्हतं. त्या बाईचं नाव नव्हतं, तिचा प्रश्नही नव्हता. खाली सह्या मात्र भरपूर, आणि त्यातल्या काही अशा लोकांच्या की जे सभेला आलेच नव्हते. वही घरोघर फिरली होती. ग्रामसभेची गणपूर्ती गावातल्या पंधरा टक्के किंवा शंभर मतदारांची, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे गाव आलं नाही तरी गावाचा ठराव होऊ शकतो. 'सर्वानुमते' हा शब्द मी शेकड्याने वाचला आहे. त्यातले सर्व कोण, हे कोणी विचारत नाही.

त्या पाण्याची बातमी मी पाठवली. ती छापून आली नाही. दोनदा विचारल्यावर कळलं की वर्धापनदिनाच्या पुरवणीला ज्यांची पानभर जाहिरात येणार होती, त्यांना ती आवडली नसती. मला कोणी धमकी दिली नाही, कोणी नोटीसही पाठवली नाही.

तालुक्याच्या वार्ताहराचा संसार कसा चालतो, हे वाचकांना माहीत असायला हवं. बहुतेकांना पगार नसतो. मानधन मिळालंच तर पेट्रोलपुरतं. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनची. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, गणपती, दिवाळी अंक, आणि त्याहून मोठं पीक म्हणजे नेत्यांचे वाढदिवस. पेणच्या गणपतींच्या बातम्या निर्धास्त छापता येतात, त्या कोणाला खुपत नाहीत. पण रस्त्याच्या कामाचं टेंडर, खाडीतला भराव, शेतजमिनीची खरेदी यांची बातमी ज्याच्याविरुद्ध करायची, त्याच्याच दारात महिन्याभराने शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं असतं. निवडणुकीत तर पॅकेज ठरतं, आणि पैसे न देणाऱ्या उमेदवाराची सभा झाली की नाही, हे वाचकाला कळत नाही. वार्ताहराला लाचार करून ठेवलं की त्याच्या मागे पोलीस लावावे लागत नाहीत. माझ्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या मुलांनी याच कारणासाठी हा धंदा सोडला, याचं मला फार वाईट वाटतं.

जे सोडत नाहीत, त्यांचं काय होऊ शकतं हे कोकणाने पाहिलं. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे बारसू रिफायनरीच्या जमीन व्यवहारांबद्दल लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 रोजी 'महानगरी टाइम्स'मध्ये त्यांची बातमी आली आणि त्याच दिवशी एका गाडीने त्यांना चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती, त्यालाच या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पत्रकारांवरचे हल्ले रोखणारा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 मध्येच मंजूर केला होता.

मौनाचा हिशेब कसा होतो, याचा सगळ्यात मोठा धडा मात्र आमच्याच मातीतल्या माणसाच्या आयुष्यात आहे. विनोबा भाव्यांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोदे गावचा, 1895 सालचा. 1940 मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह पुकारला, तो बोलण्याच्या हक्कासाठीच. ज्याला युद्ध पटत नाही त्याने खुशाल लढू नये, पण लोकांना तसं सांगत फिरू नये, असा व्हाइसरॉय लिनलिथगोंचा पवित्रा होता. मत ठेवा, ते घरात ठेवा, असाच याचा अर्थ. गांधीजींनी हे मानलं नाही आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. नेहरूंचा क्रमांक दुसरा होता. 17 ऑक्टोबरला विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले आणि चार दिवसांत पकडले गेले.

पस्तीस वर्षांनी देशात आणीबाणी आली तेव्हा विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. काँग्रेसचे वसंतराव साठे त्यांना भेटले. त्या भेटीतून महाभारतातल्या 'अनुशासन पर्वा'चं नाव बाहेर आलं आणि सरकारने ते उचललं. भिंतींवर, फलकांवर आणीबाणीला संताचा आशीर्वाद असल्यासारखं ते झळकलं. विनोबांनी मौन सुटल्यावर आपला अर्थ सांगितला. अनुशासन आचार्यांचं असतं, राज्यकर्त्यांचं नसतं, असं ते म्हणाले. पण त्या खुलाशाला सरकारी फलकांवर जागा नव्हती. पुढे 1976 मध्ये, गोवधबंदीसाठीच्या उपोषणाचं त्यांचं निवेदन छापलं म्हणून आश्रमाच्या 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. ज्याचा शब्द सरकारने भिंतीवर लावला, त्याचंच मासिक सरकारने उचलून नेलं. विनोबांवर मी गागोद्याच्या मातीइतकंच प्रेम करतो, आणि तरीही म्हणतो की त्या मौनाची देशाने मोठी किंमत दिली.

आणीबाणीतल्याच 1975 च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत काय करत होत्या, ते आठवा. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, समोर सरकारची माणसं, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी तुरुंगवास सोसलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. त्यांना पुढे अटक झाली. पण त्यांचं मौन कोणाला वापरता आलं नाही, कारण त्यांनी ते ठेवलंच नव्हतं.

रोह्याचे चिंतामणराव देशमुखही असेच. 1952 ला ते आमच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले, देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, मुंबईत माणसं गोळीबारात मेली आणि त्याची चौकशी नाकारली गेली. 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून, नेहरूंच्या कारभाराचा उल्लेख करत कारणं सांगितली. आमच्याकडे त्यांचा पुतळा-फोटो पूजला जातो, ते भाषण मुलांना कोणी शिकवत नाही.

आता जुलै 2025 कडे येतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक 10 तारखेला विधानसभेत मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी परिषदेत. शहरी नक्षलवादाला आळा हा हेतू, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशात असे कायदे आहेत, सामान्य आंदोलकाला हात लागणार नाही, असं सरकार सांगतं. हिंसा करणाऱ्या संघटनेला रोखावं, यात माझं दुमत नाही. पण न्यायालयात आश्वासन चालत नाही, कायद्यातली अक्षरं चालतात. या विधेयकातल्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्दही बेकायदा कृत्य ठरू शकतात, आणि प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणंही त्यात आहे. 1930 मध्ये चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींनी काय केलं? 1940 मध्ये विनोबांनी काय केलं? त्यांनी अवज्ञाच शिकवली.

या विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. लोक गप्प बसले नव्हते. विधानसभेत मात्र स्पष्ट विरोध नोंदवला तो डहाणूचे आमदार विनोद निकोले यांनी एकट्याने. बाकीचे विरोधक नंतर बाहेर येऊन खूप बोलले. सभागृहाच्या नोंदीत त्यांचं गप्प बसणंच राहिलं, आमच्या त्या प्रोसिडिंग बुकासारखं.

लोकांना विचारलं तर काय होतं, हेही पेण तालुक्याने दाखवलं आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी जाणार होत्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसं गावोगाव बोलली, शेतकरी रस्त्यावर आले, आणि शेवटी 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. भातशेती करणारी माणसं आपल्या जमिनीबद्दल मत द्यायला रांगेत उभी राहिली. पुढे ते भूसंपादन बारगळलं. गावं तेव्हा घरात बसून राहिली असती, तर तिथेही कुठेतरी 'सर्वानुमते' लिहिलं गेलं असतं.

तेव्हा पेण-रोह्याच्या आणि त्यापलीकडच्याही वाचकांना माझं मागणं आहे. पुढच्या ग्रामसभेला जा. प्रश्न विचारा आणि तो आपल्या नावासह प्रोसिडिंगमध्ये लिहायला लावा. सही मागायला वही घरी आली तर सही करू नका. आठ दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मागा, मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, गटविकास अधिकाऱ्याकडे जा. त्या प्रतीची एक झेरॉक्स आपल्या तालुक्याच्या वार्ताहराला द्या. त्याने ती छापली नाही, तर का छापली नाही हे त्याला आणि त्याच्या संपादकाला पत्र लिहून विचारा.