गृहीत धरलेले मत

आमच्या घरात मत कुणाला द्यायचे यावर कधी चर्चा होत नसे. आजोबांनी ज्या पक्षाला दिले, त्यालाच अण्णा देत आले. आणि अण्णा सांगतील त्या चिन्हापुढचे बटण आई दाबून येते. अण्णा आडत बाजारात हमाली करतात. 'हा पक्ष गरिबांचा' ही त्यांची श्रद्धा. यंदा मतदारयादीत माझेही नाव आले आणि घरात पहिल्यांदाच वाद झाला.

वादाचे कारण साधे आहे. दर निवडणुकीला या पक्षाचे कार्यकर्ते नळाचे आश्वासन देऊन गेले. टाकी झाली, टाकीवर नावे रंगली, दारात तोटीही बसली. पाणी मात्र आले नाही. आई अजून पहाटे हापशावर नंबर लावते. मी म्हणाले, "अण्णा, या खेपेला त्यांना मत नको."

अण्णा म्हणाले, "मग काय त्या दुसऱ्यांना देतीस? त्यांनी तुझ्या आज्याला ओसरीवर बी बसू दिलं नव्हतं."

मी गप्प झाले. अण्णांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या रात्री माझ्या ध्यानात आले, की हेच त्या पक्षालाही ठाऊक आहे! आपल्याला दुसरे दार नाही, हे ज्याला पक्के ठाऊक असते, तो आपल्या दारात पाणी कशाला आणील?

मग मतदानाला जाऊच नये काय? माझ्या काही वर्गमैत्रिणी तसेच म्हणतात. पण घरी बसलेल्या माणसाचा राग कुठेच मोजला जात नाही. संतापाने न आलेला आणि आळसाने न आलेला, दोघांची नोंद एकच. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालामुळे मतदानयंत्रावर 'नोटा'चे बटण आले, तेव्हापासून नकार निदान मोजला तरी जातो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांहून अधिक मते पडली व तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. परंतु विधानसभेला नोटा पहिला आला, तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. महापालिका व नगरपालिकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली आदेश काढला, की नोटाला सर्वाधिक मते मिळाल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. पण गावच्या नळाचा प्रश्न तर जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीचाच!

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते, की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते व्यक्तिपूजेविषयी बोलत होते. मला वाटते, पक्षालाही तेच लागू आहे. आजोबांना ज्या पक्षाने मान दिला, त्याचे ऋण मी नाकारत नाही. पण ऋण फेडायला दोन पिढ्यांची मते पुरेशी नाहीत काय?

म्हणून मी ठरवले आहे. जिल्हा परिषदेच्या प्रचाराला ते वस्तीवर आले, की सर्वांसमक्ष पाण्याची तारीख विचारायची. उत्तर मिळाले नाही, तर माझे मत मिळणार नाही, हे तिथेच सांगायचे. गुपचूप रोखलेल्या मताने कुणाला धडा मिळत नाही. आधी सांगून रोखलेल्या मताची धास्ती वाटते. यात 'ते दुसरे' निवडून येण्याचा धोका आहे, हे मी जाणते. विधानसभेच्या वेळी तो पत्करीन की नाही, हे आज सांगता येत नाही. पण या निवडणुकीत पत्करीन. हरण्याच्या भीतीनेच तर आम्ही आजवर गृहीत धरले गेलो.

अण्णांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इचारताना नीट इचार. आवाज चढवू नको. मी हाय मागं उभा."

— द्वितीय वर्ष, कला