तारापूरची भाकिते आणि तारापूरच्या नोंदी

१/ छत्रपती संभाजीनगरातील बीबी का मकबऱ्याविषयी दोन आकडे नेहमी सांगितले जातात : सात लाख रुपयांची मंजुरी आणि गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनाम्या’तील ६,६८,२०३ रुपये सात आण्यांचा खर्च. अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद शेजारी ठेवण्याची ही सवय आज एका अणुभट्टीला लावून पाहू.

२/ तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या, उकळत्या पाण्याच्या प्रकारातील. इंधनाभोवतीचे पाणी भट्टीतच उकळते आणि तीच वाफ टर्बाइन फिरवते.

३/ खरे कोडे बुडबुड्यांचे. पाणी न्यूट्रॉनांचा वेग मंदावते, म्हणून विखंडन चालू राहते. बुडबुडे वाढले की शक्ती घटते. शक्ती घटली की बुडबुडे कमी होतात. दोन्ही परस्परांवर अवलंबून! त्यात इंधनाचे २८४ जुडगे आणि ६९ नियंत्रण दांडे. हे गणित हाताने सुटणारे नव्हे; त्याला संगणकच हवा.

४/ संगणकाचे भाकीत पडताळायचे कसे? जुडग्यांच्या मधल्या फटींत न्यूट्रॉन मोजणारी उपकरणे असतात. एक फिरते उपकरण खालून वर सरकत शक्तीची आखणी टिपते. बाहेर काढलेल्या इंधनातील गॅमा किरणही अखेरच्या काही आठवड्यांत कोणत्या जुडग्याने किती शक्ती दिली, याची साक्ष देतात.

५/ १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेकडून येणारे इंधन अनिश्चित झाले. पुढे ते फ्रान्सकडून आले. इंधनाची काटकसर अपरिहार्य ठरली. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तारापूरसाठी स्वतःच्या संगणकप्रणाली घडविल्या. त्यांची परीक्षा कोणत्याही परदेशी पुस्तकात नव्हती. ती तारापूरच्या नोंदींतच होती.

६/ येथे माझे मत स्पष्ट मांडतो. ‘भाकीत जुळले’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नये. मोजमाप हाती आल्यावर गणितातील स्थिरांक सरकवून साधलेला मेळ आणि आधी लिहून ठेवलेले भाकीत यांत बखर आणि समकालीन पत्र यांच्याइतकेच अंतर आहे. प्रश्न एकच विचारावा : आधी काय लिहिले होते?

७/ दुसरी सावधगिरी. या भट्ट्यांची मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट. पुढे ती १६० झाली. कारण दुय्यम वाफ-जनित्रांच्या नळ्यांतील गळती. इंधनाच्या शक्तीचे गणित कितीही अचूक असो, नळीविषयी ते मौनच पाळणार. जे विचारले नाही, त्याचे उत्तर संगणक देत नाही. नोंदवही मात्र न विचारताही सांगते.

८/ जुन्या नोंदींचे मोल किती? अमेरिकेतील पीच बॉटम केंद्रात एप्रिल १९७७मध्ये टर्बाइनची वाफ मुद्दाम अचानक तोडून तीन चाचण्या झाल्या. दाब वाढला, बुडबुडे दबले, शक्ती क्षणात उसळली. दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावर अनेक देशांतील नव्या संगणकप्रणालींची कसोटी याच आकड्यांवर लागली. १९७७चे संगणक कालबाह्य झाले. आकडे झाले नाहीत.

९/ वि. का. राजवाडे यांनी १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो घरोघरच्या दप्तरांना वाळवी लागत असताना. तारापूरची भाकिते आणि त्यांशेजारच्या मोजमापांच्या वह्या हीसुद्धा आपली इतिहाससाधने आहेत. सुरक्षिततेला बाध न येता जे खुले करता येईल ते जपावे, तारीखवार लावावे, अभ्यासकांना द्यावे. नाहीतर उद्या तारापूरची केवळ बखर उरेल. आणि बखरीत प्रत्येक भाकीत खरेच ठरलेले असते.