वेतन घटवून वेळ घेताना

पुण्यातील मोठ्या पगाराची नोकरी सोडून बऱ्याच कमी पगारावर सोलापुरास परतणाऱ्या तरुणाकडे समाज दोनच नजरांनी पाहतो. एकाच्या मते तो हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागलेला नादान. दुसऱ्याच्या मते भौतिक सुखाकडे पाठ फिरविणारा विरागी. वस्तुतः तो या दोहोंपैकी कोणीच नसतो. पैसे मोजून वस्तू विकत घ्यावी, तसा तो पगाराचा एक हिस्सा देऊन वेळ विकत घेत असतो. दिवेलागणीला घरी असणे, आईवडिलांच्या औषधपाण्याकडे स्वतः पाहणे, मुलांचा अभ्यास घेणे, पुरती झोप मिळणे, हा त्या खरेदीतील माल. तेव्हा या व्यवहाराचे मोल भावनेच्या भरात न ठरविता कोणत्याही खरेदीचे ठरवावे तसेच ठरविले पाहिजे. दिलेली किंमत वाजवी होती काय? आणि मोजलेल्या किमतीचा माल पदरात पडला काय? या दोन प्रश्नांमागे एक तिसरा, अधिक अवघड प्रश्न उभा आहे. ज्याच्याजवळ कापण्याजोगा पगारच नाही, त्याने वेळ कोठून आणावा?

सोलापूरला हा विषय परका नाही. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आणि जाम या गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर कित्येक पिढ्या उठले आणि भोंग्यावरच निजले. दिवस सूर्याचा नसून मालकाचा असतो, हा धडा येथील घराघराला फार लवकर मिळाला. त्या काळी कामगारांनी सर्वांआधी काय मागितले, हे आज मुद्दाम आठवण्यासारखे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन पुढे केले, त्यात आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर मिळणे आणि जखमी कामगाराला आधार या मागण्या होत्या. मजुरीचा दर वाढवा, अशी मागणी त्यात नव्हती. अर्धपोटी माणसालाही पैशाइतकीच वेळेची भूक असते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली, ती या चळवळीमुळे.

पुढचा इतिहास कायद्याचा आहे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांवर आणला. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनंतर १९२२ मध्ये आठवड्याला ६० तासांची, १९३४ मध्ये ५४ तासांची आणि १९४६ मध्ये ४८ तासांची मर्यादा आली. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच पक्की केली. म्हणजे बाराचे नऊ तास होण्यास उणीपुरी पस्तीस वर्षे लागली. हा वेळ कोणा एका कामगाराने आपली मजुरी कमी करून विकत घेतलेला नव्हता. तो सर्वांनी मिळून, सर्वांसाठी, कायद्याच्या बळावर मिळविला होता. आज वेतन घटवून वेळ घेण्याची भाषा होते तेव्हा हा फरक नजरेआड होता कामा नये.

हिशेब महिन्याचा नव्हे, तासाचा

पहिला प्रश्न किमतीचा. पगार महिन्याचा मोजण्याची आपल्याला सवय जडली आहे; पण आयुष्य खर्च होते ते तासातासाने. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात एखाद्याला दरमहा ६०,००० रुपये हाती पडतात. काम रोज नऊ तास, जाण्यायेण्यात तीन तास, महिन्याचे २५ दिवस. एकूण ३०० तास. घरभाडे १८,००० आणि प्रवासखर्च ४,००० वजा जाता उरले ३८,०००, म्हणजे तासाला सुमारे १२७ रुपये. सोलापुरात त्यालाच ३८,००० मिळाले, घर स्वतःचे, प्रवासखर्च २,०००, काम आठ तास आणि येण्याजाण्यात अर्धा तास, असे धरले तर साडेदोनशेहून कमी, सुमारे २१२ तासांसाठी ३६,००० उरतात. तासाला सुमारे १६९ रुपये. कागदावर बावीस हजारांचा दिसणारा तोटा हातात दोन हजारांचाच उरतो आणि महिन्याचे सुमारे ८८ तास मोकळे होतात. जग ज्याला नुकसान म्हणते तो पुष्कळदा चोख व्यवहार असतो.

तरीही या हिशेबाला तळटिपा आहेत आणि त्या वगळून निर्णय घेणे धोक्याचे. आज घटलेला पगार उद्याची वेतनवाढ, भविष्यनिर्वाह निधी आणि म्हातारपणची पुंजी हे सारेच घटवितो. ज्याच्या डोक्यावर घरकर्जाचा हप्ता आहे, ज्याला वडिलोपार्जित घर नाही, त्याचे गणित या उदाहरणासारखे सुटणार नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर मोकळा झालेला वेळ मोकळा राहतोच असे नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचे ८८ मिनिटे जात असल्याचे आढळले. घरातील कामाची वाटणी आहे तशीच राहिली, तर पत्नीने कमी पगार पत्करून मिळविलेला तास चुलीपुढेच जळतो. पगार तिचा कापला जातो आणि विसावा दुसऱ्याला मिळतो.

किंमत दिली, माल कोठे आहे?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ॲडम स्मिथ याने १७७६ मध्येच असे सांगून ठेवले की, कष्टाच्या व अप्रिय कामाला जास्त मजुरी द्यावी लागते आणि सुखाच्या कामाला कमी मजुरीत माणसे मिळतात. पुस्तकातील या सिद्धान्तावरून आपण सहजच उलट अनुमान काढतो की, जेथे पगार कमी तेथे सुख अधिक असणार. परंतु तो सिद्धान्त कामगाराला निवडीस वाव असलेल्या बाजारापुरता खरा. ज्या गावात नोकऱ्या थोडक्या आणि उमेदवार पुष्कळ, तेथे पगारही कमी आणि तासही जास्त, असा दुहेरी तोटा निमूटपणे सोसावा लागतो. सोलापुरातील खासगी दुकाने, कचेऱ्या, शिकवणीवर्ग यांत राबणाऱ्या तरुणांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शिक्षणक्षेत्रही याला अपवाद नाही. महाराष्ट्रात २००० पासून शिक्षणसेवक योजना आहे. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काढावयाची. हे मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. वर्ग तेवढेच, वह्या तेवढ्याच, निवडणुकीची आणि गणनेची कामेही तीच. कमी आहे तो केवळ पगार. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाचे उदाहरण याच्या उलट बाजूचे. त्याचे तास कमी असतात, पण ते त्याने मागितलेले नसतात. दोन-तीन महाविद्यालयांत धावाधाव करून तो महिना भागवितो आणि उन्हाळी सुटीत त्याचे उत्पन्न थांबते. एकाचा पगार कापला गेला, पण वेळ मिळाला नाही; दुसऱ्याला वेळ मिळाला, पण तो बेकारीचा. यांतील एकही व्यवहार खरेदी या नावास पात्र नाही, कारण खरेदीला आधी संमती लागते.

ज्यांना निवडच नाही

आता तिसरा प्रश्न. शहराच्या पूर्व भागात हजारो स्त्रिया घरी बसून विड्या वळतात. कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणावयाची, विड्या वळून नेऊन द्यावयाच्या, मजुरी हजारावर. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने कारखान्यातील तास बांधून दिले. पण घराच्या उंबरठ्याच्या आत कायद्याचे घड्याळ शिरले नाही. वरवर पाहता या बाईइतकी स्वतंत्र कामगार दुसरी नाही. तिला हजेरी नाही, भोंगा नाही, वाटेल तेव्हा तिने सूप खाली ठेवावे. पण प्रत्यक्षात तिने सूप तासभर बाजूला ठेवले, की तेवढ्या विड्यांची मजुरी त्याच क्षणी बुडाली. यंत्रमागावर नगावारी काम करणाऱ्या विणकराचेही तेच. चादर आणि टॉवेल यांना २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. तो विणणाऱ्याच्या बारा तासांच्या पाळीला मात्र त्याने ढळ पोचला नाही. वेतन घटवून वेळ घेणे ही सुशिक्षितांना नवी वाटणारी कल्पना या माणसांच्या रोजच्या जगण्यातील नियमच आहे. फरक इतकाच की, पहिल्याने ती निवड केली तर त्याची संध्याकाळ सुखाची होते. दुसऱ्याने केली तर रात्रीची भाकरी कमी होते.

म्हणूनच हा विषय केवळ व्यक्तीच्या धैर्यावर सोपवून चालणार नाही. परदेशांत हा सौदा जेथे नीट पार पडला, तेथे तो एकट्यादुकट्याने केलेला नव्हता. नेदरलँड्समध्ये १९८२ च्या वासेनार करारात कामगार संघटनांनी वेतनवाढीला आवर घातला आणि बदल्यात कामाचे तास कमी करून घेतले. जर्मनीत १९९३ मध्ये मंदी आली असता फोक्सवागेन कंपनी व संघटना यांनी आठवडा २८.८ तासांवर आणला. कामगारांचे वार्षिक उत्पन्न घटले, पण सुमारे तीस हजार माणसांच्या नोकऱ्या वाचल्या. २०१८ मध्ये तेथील धातुकामगारांच्या संघटनेने जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत आठवड्याला २८ तास काम करण्याचा आणि मुदत संपताच पूर्ण तासांवर परतण्याचा हक्क मिळविला. परतीची ही वाट फार मोलाची आहे. मूल लहान असताना किंवा घरात आजारपण असताना तास कमी करावेत आणि दिवस पालटताच पुन्हा पूर्ण पगारावर यावे, एवढी सोय असली, तर पुष्कळांना नोकरी सोडण्याची पाळीच येणार नाही.

महाराष्ट्रातील वाटचाल मात्र संमिश्र आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांत पाच दिवसांचा आठवडा आला. त्यासाठी रोजचे काम पाऊण तासाने वाढले. पगाराला हात न लावता केलेली ही वेळेची फेरमांडणी होती आणि दोन सलग सुट्यांचे सुख कोणता कारकून नाकारील? पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे आश्वासन सोबत आहे. परंतु दारात दहा उमेदवार उभे असताना घेतलेली संमती कितीशी मोकळी असते? जादा कामास दुप्पट मोबदल्याचा नियम कागदावर जुनाच आहे. त्याची अंमलबजावणी झाली नाही, तर १९११ ते १९४६ या काळात कमावलेले तीन तास हातोहात परत जातील.

तात्पर्य, वेतन घटवून वेळ घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण त्यास तीन अटी हव्यात. कमी झालेले तास पगाराइतक्याच स्पष्टपणे नेमणूकपत्रात लिहिलेले असावेत. नाहीतर पगार उतरतो आणि तास पुन्हा चढतात. पूर्ण कामावर परतण्याचा हक्क असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, आठ तासांच्या कामात कुटुंब भागेल एवढा मजुरीचा दर प्रत्येकाला, हजारावर विड्या वळणाऱ्या बाईलाही, मिळावा. ज्या तरुणाला निवड करता येते त्याने ती तासाचा हिशेब मांडून निःशंकपणे करावी. मात्र आपण जे आज विकत घेऊ शकलो, ते आधीच्या पिढ्यांनी भांडून मिळविलेल्या मर्यादेच्या आधारावर, याची त्याला जाण असावी. ती मर्यादा ढासळू लागली, तर उद्या पगाराचा कितीही हिस्सा मोजूनही बाजारात वेळ नावाची वस्तू विकत मिळणार नाही.